छतावरची मिरवणूक

कळंबा, कोल्हापूर
ता. ३ एप्रिल १९९७

चि. दीक्षास ज्ञानूकाकाचा जयभीम व आशीर्वाद.

पत्र पोचले. तुझ्या आप्पांच्या मोडलेल्या पायाला वजन म्हणून विटा टांगल्यात, उताणे पडून नुसते छत बघायचे, आणि यंदा जयंतीची मिरवणूक चुकणार म्हणून त्यांनी जेवण टाकले, हे वाचून चैन पडेना. थोरला भाऊ आहे माझा. पण मी येणार नाही. फोटो स्टुडिओचे पडदे रंगवून कुणाचं पोट भरतंय व्हय, असे ते चारचौघांत म्हणाले, तेव्हापासून मी मलकापूरची एसटी धरलेली नाही.

उपाय मात्र सांगतो, तंतोतंत कर. आप्पा पडलेत त्या माडीची रस्त्याकडची खिडकी लावून घे, फटींत चिंध्या कोंब. फळीला छेद पाडून त्यावर डालड्याच्या डब्याचा पत्रा ठोक. पत्र्याला ज्वारीच्या दाण्याएवढे भोक, कडा कानशीने घासलेल्या. छताला पांढरे धोतर ताण. अंधाराला डोळे सरावले की खालचा रस्ता वर येईल, रंगांसकट. मी इथे खिडकीबाहेरचे तळे असेच छतावर आणतो आणि त्याखाली दुपारचा पडतो. कुणी शिकवले नाही, माझे मीच शोधले.

माझे नाव सांगू नकोस.

तुझा,
ज्ञानूकाका

मलकापूर, ता. ८ एप्रिल

ती. काकांस दीक्षाचा सविनय जयभीम.

रस्ता वर आला! म्हशी, सायकली, बनाबाईची भाजीची पाटी, सगळे पाण्यातून सरकल्यासारखे, आवाज मात्र खालून. दिशा तेवढ्या उलट्या, रत्नागिरीला निघालेली एसटी कोल्हापूरकडे जाताना दिसते. आप्पांनी बघत बघत अख्खी भाकरी खाल्ली. तुमचे नाव मी घेतले नाही, तेच म्हणाले की ज्ञान्याबिगर असलं येडं काम कोण करणार.

पण काका, एवढे तंतोतंत कर म्हणता आणि मिरवणूक दिवेलागणीनंतर निघते हेच विसरलात की! ऊन नसताना काय दिसणार? मी तर त्यांना शब्द देऊन बसले.

आपली,
दीक्षा

कळंबा, ता. १० एप्रिल

चि. दीक्षास आशीर्वाद.

चुकलो. अंधारापुढे माझे काही चालत नाही. भोक हरभऱ्याएवढे कर. माणसे येणार नाहीत, दिवे आले तर येतील. खात्री देत नाही.

ज्ञानूकाका

मलकापूर, ता. १६ एप्रिल

ती. काकांस सविनय जयभीम.

माणसे आली नाहीत. आले ते दिवे. रथावरच्या ट्यूबा, निळे बल्ब, मोठमोठे ठिपके होऊन छतावरून तरंगत निघाले. खाली जयजयकार, वर उजेड. आप्पांनी पडल्यापडल्या दोन्ही हात जोडून वर धरले, ते शेवटचा ठिपका विझेपर्यंत. मग म्हणाले, दरसाल मी मिरवणुकीत जातो, औंदा मिरवणूक माझ्या अंगावरनं गेली.

त्यांनी ज्वारीचे भोक परत लावून घेतले आहे. तुम्हाला लिहायला सांगितले की, जिना चढायचा नसला तर नको चढू, पर दिवसाउजेडी खालनं तरी जा. मी बघतो वर.

आपली,
दीक्षा

कळंबा, ता. १९ एप्रिल

चि. दीक्षास आशीर्वाद.

२७ तारखेच्या रविवारी अकराच्या उन्हात पोचतो. पांढरा सदरा घालून रस्त्याच्या मधून सावकाश चालेन. मला हाक मारू नकोस, त्यांनी ओळखले का तेवढे बघ.

पत्रा तू नीट घासला असशील याचा मला भरवसा नाही. तो समक्ष तपासावा लागेल, म्हणजे जिना चढणे आलेच. लोभ आहेच, बाकीचा वर आल्यावर.

ज्ञानू