आबाची बेलबॉटम

२ मार्च
कॉलेज बुडवलं. पल्लवीसोबत राजुऱ्याच्या बाजारात. जुन्या कपड्यांवर स्टीलचे भांडे देणारी बाई बसते ना तिथी, तिच्या ढिगाऱ्यात हात घातला आन् शर्ट! सत्तरच्या जमान्यातला, एकदम ओरिजनल. झेंडूसारखा पिवळा, त्याच्यावर तपकिरी गोल-गोल. कॉलर एवढी लांब का खांद्याले टेकते. टेरीलिन. बटणं पण तेव्हाचेच. बाई म्हणे, "फरशी पुसाले नेऊन राह्यली का पोरी?" मी म्हटलं, घालाले. हसतच सुटली.

पल्लवी नव्वदवाली. तिले ढगळ जीन्स आन् चेक्स पाहिजे. मी म्हटलं, नव्वदमध्ये लोकं कपडे घालत नोते, कपड्यात लपत होते. सत्तरचा माणूस रस्त्यानं निघाला तर समजे का कोणीतरी निघालं. ऐंशीच्या फुग्याच्या बाह्या चालते मले. पण नंबर दोन.

घरी येऊन डेटॉलमध्ये भिजवला. झोपच नाई येणार आज.

३ मार्च
शर्ट गेला.

गच्चीवर वाळत होता. आबानं काठीनं उचलला. हातानं नाई, काठीनं. फाटकाबाहेर ठेवून देला. मी क्लासवरून येईपर्यंत कोणीतरी नेला पण. आजोबा असून असं कोणी करते का!

विचारलं तर म्हणे, "कोणाचा होता?"
"माहा."
"तुह्या आंधी कोणाचा?"

मले काय माहीत कोणाचा! तेच तर मजा आहे ना त्याच्यात.

रडली. जेवणार नाई म्हटलं. मग खिचडीचा वास आला, जेवली.

५ मार्च
आई चिंचा फोडून राह्यली होती, मी चिचोके काढत होती. तेव्हा सांगितलं तिनं.

आपल्या घरात कोणाचं घातलेलं कोणी घालत नाई, एवढं मले माहीत होतं. काऊन, ते नाई. शाळेत साऱ्या पोरी मोठ्या बहिणीचे फ्रॉक घालून येत. मले मावसबहिणीचा रुमाल पण कधी नाई भेटला. वर्षाले एकच ड्रेस घेणं होई तेव्हाही तो नवा, चौदा एप्रिलच्या जयंतीले. मले वाटे आपण श्रीमंत आहो.

आबा चिमूरकडच्या खेड्यातले. लहानपणी मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या घरून कपडे भेटत. त्याईचे घालून झालेले, उतरण. कधी मेलेल्या माणसाचे. हातात देत नोते, वरून टाकत. आबाची आई पदर पसरे. दीक्षेच्या साली आपल्या साऱ्या लोकाईनं ठरवलं, आता घ्याचं नाई. आबा सहा वर्षांचे होते. त्याच्यानंतर किती दिवस एका चड्डीवर काढले, आई म्हणे. पण चड्डी आपली.

म्हणून काठी.

चिचोके तसेच राह्यले.

८ मार्च
तरी ट्राय केलं. आबा पेपर वाचत होते.
"आबा, ते उतरण नोतं. विंटेज होय."
"म्हणजे का?"
"म्हणजे जुनं, पण भारी."
"जुनं आमी लय घातलं बाई. भारी नोतं."
पेपर पलटवला.

पल्लवी म्हणते, थ्रिफ्ट म्हणून पाह्य. नाई ना यार. नाव बदलून होण्यासारखं नाई हे.

१४ मार्च
आबा माह्या हातचा चहा घेऊन नाई राह्यले. 'नको' नाई म्हणत. 'झाला' म्हणते. झालेला नसते.

बाजारातून जमवलेले बाकीचे कपडे (एक मॅक्सी, दोन शर्ट, फुग्याच्या बाह्यावाला ब्लाऊज) पल्लवीच्या आलमारीत आहे. तिथीच जाऊन घालते, आरशात पाह्यते, काढून येते. चोरासारखं. आबाले समजलं असंल का? वाटते, समजलं. रागावले असते तर भांडली असती. ते रागावलेच नाई. त्याईले कसंतरी झालं माह्याकडे पाहून, असं वाटते.

मले दोन्ही पाहिजे. कपडे पण, आन् आबा पण.

२० मार्च
राजुऱ्याहून वासुदेवभाऊ आले. आबाचे खदानीतले दोस्त. मी डोक्याले ठिपक्यांचा स्कार्फ बांधून पाणी घेऊन गेली. स्कार्फ नवाच, आपल्याच गोल बाजारातला. त्याईनं वरून खाली पाह्यलं.

"बाप्पा! नात तुह्यावरच गेली रे. पोरी, हा का कमी होता? बेलबॉटम घालून निघे तर त्या दिवशी रस्ता झाडून काढाची गरज नाई पडे."
"चूप राह्य बे."
"आन् गॉगल? गॉगल माहा होता. विचार त्याले. दुसऱ्याचं घालत नाई म्हणते!"
"गॉगल कपडा नोय," आबा म्हणे.

मी वेडी झाली. बेलबॉटम! आबा! अल्बम काढला. स्टुडिओतला फोटो, मागं पडद्यावर ताजमहाल. एक बारीक पोट्टा, कानावर केस, कंबरेवर हात. आन् पँट. अरे काय पँट! गुडघ्यापासून नुसती उघडत गेली आहे. बूट दिसतच नाई.

एवढे दिवस मी बाजारात शोधून राह्यली होती.

२१ मार्च
आबा आपल्याच मनानं बोलले. फोटो माह्या हातात होता.

खदानीत लागले, पहिल्या पगारात कापड घेतलं. चांद्याच्या शिंप्याकडे गेले. "त्यानं फीत लावली कंबरेले. मंग मांडीले. मंग विचारते, पायाची मोहरी किती रुंद ठेवू? तवापर्यंत मले कोणी विचारलंच नोतं बाई, किती ठेवू म्हणून. जे अंगावर ये ते मोठं राहे, नाईतर आखूड."
"मग तुम्ही काय म्हटलं?"
"म्हटलं, ठेव जेवढी ठेवता येते."

चहा घेतला. माह्या हातचा. मी काही दाखवलं नाई, आत जाऊन नाचली.

२९ मार्च
आबा म्हणे, "चाल. जयंतीले तुले शिवून देतो. तुह्या मापाची."

कापडाच्या दुकानात आबा बोटानं प्रत्येक थान चोळून पाह्यते. कोणतंच पसंत नाई. शेवटी कॉफी कलर. शिंपी म्हणे, "प्लाझो शिवू का ताई?" आबा: "बेलबॉटम!" तो पोट्टा आमच्याकडे पाहूनच राह्यला. मग आबानं दोन्ही हातानं हवेत पँट काढून दाखवली. दुकानातले दोन गिऱ्हाईक पण शिकले.

माप देताना आबा खुर्चीवर बसून बारीक लक्ष ठेवून होते. एवढे खुश मी त्याईले पाह्यलंच नाई.

६ एप्रिल
शिवून आली.

कसं लिहू. चांगली आहे. माप बरोबर. पण पडत नाई. लटकते. आताचं कापड मऊ, पायाले चिकटते. चालली का नाइट पँट वाटते. मी म्हटलं, "मस्त आहे आबा!" गोल फिरून दाखवली.

"खोटी," आबा म्हणे.

आत गेले. पलंगाखालची पेटी ओढली. रजई, स्वेटर, डांबर गोळ्या, सगळ्यात खाली पँट. फोटोतली! मले वाटलं होतं ते कधीचीच गेली असंल. चेन जंगलेली, बाकी एक धागा हललेला नाई. कंबरेले लावून पाह्यली. बरोबर. आबा तेव्हा माह्याएवढेच होते.

विचाराचं नोतं. विचारलं.
"आबा, घालू?"

आबानं पँटीच्या मोहरीवरून बोट फिरवलं. मग म्हणे, "माहं उतरण तुले देऊ?"

तोंड असं झालं होतं त्याईचं, का मीच घडी करून पेटीत ठेवली.

९ एप्रिल
जेवताना बाबा म्हणे, "मीनं मागितली होती कॉलेजात असताना. हात नाई लावू देला. उधारी करून मले नवी घेऊन देली."
आई म्हणे, "दोघंही सारखेच. एक जुनं सोडत नाई, एक जुनं देत नाई."

आईले मी म्हटलं, उतरण म्हणजे ज्याले नको झालं ते. आबाले ते पँट कधी नकोशी झालीच नाई. मग उतरण कसं?
"मले काऊन सांगते? त्याईले सांग."

दरवाज्यापर्यंत गेली. आबा बसले होते पलंगावर. वापस आली. ज्या माणसानं टाकलेलं झेललं, त्याले मी कपड्याचा अर्थ सांगू?

जयंतीले नवीच घालते. ठरलं. चालते मले. (नाई चालत. पण घालते.)

१३ एप्रिल
सकाळपासून आबा गायब. दुपारी आले, हातात थैली. काय आणलं नाई सांगितलं.

संध्याकाळी इस्त्रीचा वास आला. पाह्यलं तर आबा टेबलावर चादर अंथरून माही नवी पँट इस्त्री करून राह्यले. पाणी शिंपडून, काठ जुळवून. मी म्हटलं, द्या मी करते. "राह्य." ते झाली का थैली उघडली. जुनी. जंगलेली चेन काढून नवीन बसवून आणली होती. तिलेही इस्त्री. तिले जास्त वेळ लावला.

दोन्ही माह्या पलंगावर आणून ठेवल्या, बाजूबाजूले.

"सकाळी सात वाजता निघाचं. वरून पांढरा कुर्ता घालजो."
"आन् खाली?"
"ते तू पाह्य."
"आबा, तुमाले काय वाटते?"
"मले?" चष्मा पुसला. "मले आजून समजून नाई राह्यलं."

आन् गेले हातपाय धुवाले. नळाचा आवाज येऊन राह्यला.

जुनी घातली तर उद्या रॅलीत आबा दिवसभर माह्या बाजूनं चालणार, आन् प्रत्येक पावलाले खाली पाहणार. नाई घातली तर इस्त्री केलेली घडी पेटीत वापस ठेवणार, स्वतःच्या हातानं. दोन्ही डोळ्यासमोर येते.

नवीवर हात ठेवला. थंड झाली. आबाची आजून गरम आहे.