वर केलेला हात

२१ एप्रिल, सोमवार

बोथ या गावी पोचलो आणि खूशच झालो. हायवेजवळ दोन खोल्यांचं घर, नवा कूलर आणि संस्थेने दिलेला कोरा करकरीत लॅपटॉप. सीमेवरच्या मराठी गावांत कापसाचा सल्ला देणारे संस्थेचे बावीस कार्यकर्ते आहेत. रोज अकराला त्यांची ऑनलाइन बैठक मी चालवायची. हैदराबादच्या ऑफिसात माझ्या डोक्यावर सात साहेब होते, इथे साहेब मीच. आईला फोन करून हे सांगितलं, तर तिने जेवणाची सोय विचारली. आमच्या घरात कर्तबगारीची एवढीच कदर होते.

२२ एप्रिल

पहिली बैठक. बैठक कसली, आठवडी बाजार. माझ्या आधीचे उत्तमराव निवृत्त होताना एक खूळ मागे ठेवून गेलेत: सुरुवातीला 'हालहवाल'. म्हणजे प्रत्येकाने आपली खुशाली सांगायची आणि बाकीच्यांनी ती ऐकायची. कोणाची म्हैस व्याली, कोणाच्या सुनेला उलट्या होतात. एकाचा कुकर शिट्ट्या मारत होता, एका महाशयांनी कॅमेऱ्यासमोर दात घासले. वांकिडीकडच्या वच्छलाबाई सगळ्यांत थोर. साठी उलटलेली, गावात रेंज नाही म्हणून टेकडीवरच्या खडकावर एकटी जाऊन बसते, आणि तिथून बावीस जणांना 'जेवले का' विचारते. सकाळी अकरा वाजता.

२३ एप्रिल

हालहवाल बंद. सगळ्यांचे माइक बंद. उघडायची परवानगी फक्त माझ्या हातात. चॅटही बंद. कॅमेरा मात्र शेवटपर्यंत चालू हवा, नाहीतर गैरहजेरी. बोलायचं असेल तर स्क्रीनवरचा हात वर करायचा, मला वाटलं तर माइक उघडीन. मला फोन करायचा नाही, हेही बजावलं. बावीस तोंडं आणि आवाज एकही नाही. गप्प असली की ही माणसं किती शहाणी दिसतात.

२९ एप्रिल

दोन तास सलग बोललो. ते हात वर करतात, मी खाली करतो. आठवड्यात एकदाही माइक उघडला नाही आणि कुठल्या गावचा कापूस त्यामुळे वाळला नाही.

२ मे, शुक्रवार

आज बैठक दीडपर्यंत लांबली. वच्छलाबाईचा हात चाळीस मिनिटं वर. तीनदा खाली केला, तीनदा पुन्हा वर. म्हटलं, म्हातारीला कोणाच्या तरी जेवणाची काळजी लागली असेल. मग तिने मान टाकली आणि चक्क झोपली. इतरांना तेच वळण नको, म्हणून तिचा कॅमेरा मी बंद केला. त्यावर सगळेच हात वर करून तोंडं हलवायला लागले, माशांसारखी. शेजारच्या गावच्या बयनाबाई तर उठून निघूनच गेल्या. त्यांची गैरहजेरी लावली.

३ मे

वच्छलाबाई वारली. खडकावर ऊन लागून. बयनाबाई आणि त्यांचे यजमान चंपतराव मोटारसायकलने टेकडी गाठेपर्यंत सगळं संपलं होतं.

हैदराबादहून विचारणा आली. मी कळवलं की बाई बारालाच बैठक सोडून गेल्या होत्या. रेकॉर्डिंग पुसून टाकलं. मे महिन्यात उघड्या खडकावर बसायचं नसतं, एवढी अक्कल मी वाटत फिरायची का? साहेब म्हणाले, यापुढे प्रत्येक बैठक ते तिकडून स्वतः ऐकणार. ऐका. इथे ऐकण्यासारखं बोलणारा मी एकटाच आहे.

५ मे

आज एकवीस जण हवे होते. बावीस निघाले. वच्छलाबाईचं नाव, कॅमेरा बंद, हात वर. घरच्या कोणीतरी तिचा फोन चाळला असणार. बैठकीतून काढून टाकलं. पुन्हा आली. पाच वेळा काढलं.

६ मे

तिचा कॅमेरा चालू झाला. मी परवानगी दिली नव्हती. पांढरं ऊन आणि रिकामा खडक. स्क्रीनवर प्रश्न आला: वच्छलाबाईंना बोलायचं आहे, परवानगी द्यायची का? 'नाही' दाबलं.

७ मे

आज तिच्या चौकोनात खडक नव्हता. एक खोली, कूलर, निळ्या शर्टातल्या माणसाची पाठ.

मी निळा शर्ट घातला होता.

मागे वळलो. कोणी नव्हतं. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा 'नाही'. लगेच ती पाठ थोडी मोठी दिसायला लागली.

८ मे

नवा पासवर्ड, नवा लॅपटॉप, लॉजची खोली. तिच्या चौकोनात लॉजचे पडदे. आणि माझी पाठ, अजून जवळ.

९ मे

चंपतराव बसने आले, दारातच उभे राहिले. एरवी असल्या माणसाला मी पाणीही विचारलं नसतं; आज आत या म्हणालो. ते आत आले नाहीत. म्हणाले, सायेब, बुढी तुमच्या मांगं उभी राह्यते, आमाले सगळ्याइले दिसते. तिले बोलू काऊन देत नाही तुमी? एकडाव बोलू द्या, मंग जाईन बुढी.

हाकलून दिलं. अडाणी लेकाचा. तिने तोंड उघडलं तर हैदराबाद ऐकेल, माझा अहवाल खोटा ठरेल, नोकरी जाईल — ती परवानगी मी देणार नाही.

दोनदा 'नाही' दाबलं. चौकोनात आता फक्त माझी मान दिसते.

१२ मे, सोमवार

बैठक बंद होत नाही. लॅपटॉप मिटून पुन्हा उघडला तरी चालूच —

एकवीस जण माझ्याकडे बघत नाहीत. माझ्या खांद्याच्या वर बघताहेत. बयनाबाईंनी तोंडाला पदर लावलाय. काय दिसतं त्यांना? विचारायला माइक उघडतो, उघडत नाही —

मला भीती वाटते. लिहून ठेवतो, मला फार भीती वाटते.

पुन्हा प्रश्न. अजून एक 'नाही' म्हटलं, तर मध्ये जागाच उरणार नाही. नोकरी गेली तर जाऊ दे —

'हो' दाबलं.

बोलते आहे. शिवी नाही, तक्रार नाही, माझं नावही घेत नाही. कोनी जराक पानी आनून देता का, म्हणते. बस. चाळीस मिनिटं तिला एवढंच —

हो म्हणतोय मी, आणतो म्हणतोय. माझा आवाज मलाच ऐकू येत नाही.

लॅपटॉपचा आवाज बंद केला. तरी ती पाणी मागते आहे. इथे, माझ्या —