संगमावर निघणारा पंखा

भामरागड, १८ जुलै २०२४

ती. नीलाबाईस, डोमाचा सा. न. वि. वि.

पर्लकोटा नदीले पूर आहे, पूल पाण्याखाली, मोबाइलचा टॉवरबी बंद. म्हणून चिठ्ठी लिहून राह्यलो. मोटारीच्या नावेनं माणसं पलीकडे नेणं चालू आहे.

पण नाव ढकलणारा मोटारीचा पाण्यातला पंखा टिकत नाई. नट घट्ट आवळतो, तो फिरू नये म्हणून त्यात पिन घालून टोकं पक्कडीनं वाकवतो. तरी संगमाजवळ आलं की पंखा खडखडते. पाह्यलं तं पिन नावेतल्या फळीवर, ओली, टोकं सरळ केलेली. पाण्याखालची पिन वर कशी येईल? मागच्या साली माझा नावेवरचा जोडीदार रोशन तिथंच बुडाला, अजून सापडला नाई. भाऊजी मोटारी दुरुस्त करतात, त्यांले विचारून कळवजो.

तुझा,
डोमा

गोंडपिपरी, २३ जुलै

चि. डोमास अनेक आशीर्वाद.

तुझे भाऊजी म्हणतात, पंख्याचा शाफ्ट थरथरत असन, नवा नट बसव. मी म्हटलं, मंग पिन फळीवर कोण ठेवते? तं ते चहाचा कप घेऊन ओसरीवर गेले. मले एवढं सांग, नावेत माणसं असली तवा असं होते, का तू एकटा असला तवा? वेळेवर जेवतोस का नुसत्या तंबाखूच्या खर्र्यावर आहेस? जिवाले जप.

तुझी,
बाई

भामरागड, ३ ऑगस्ट

ती. बाईस सा. न. वि. वि.

तू बरोबर विचारलं. नाव भरली असली की काईच होत नाई. सोमवारी गिरजाकाकूच्या सुनेले, डिंपलले, कळा सुरू झाल्या. भर पुरात तिले पलीकडे नेलं, पंखा हालला नाई. मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत.

वापस एकटाच होतो. संगमावर मोटार एकदम हलकी वाजली अन् पंखा गेला. वल्हं मारलं, पण नाव धार सोडून आडवी निघाली, कोणी दोरीनं ओढल्यासारखी, अन् काठच्या जांभळीच्या मुळ्यांत अडकली. मुळ्यांत हाडं होती. मनगटात रोशनचं कडं. मले भेव नाई वाटलं बाई, रडू आलं. इतके दिवस तो बोलावून राह्यला होता, अन् मी नट आवळत होतो.

त्याच्या मायनं कडं ओळखलं. आम्ही त्याले माती देली.

काल नाव वाळूवर ओढून नवा पंखा बसवला. पिनीचं एकच टोक वाकवलं, तेवढ्यात गिरजाकाकूनं हाक मारली. जाऊन आलो तं घाटावर कोणी नाई, अन् दोन्ही टोकं नटाभोवती दोन-दोन फेरे गुंडाळलेली. असे फेरे फक्त रोशन घालायचा.

मी ती पिन सोडवली नाई. आज तिच्यावरच माणसं नेली.

माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
डोमा