क्लच मीच बसवणार

सोमवार, ९ मार्च

काल बारशाच्या जेवणात, भाजलेल्या अख्ख्या डुकरासमोर, मेहुणा गाउदेन्स्यो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "रोडेल्यो ट्रायसिकल चालवत नाही, क्लच जाळतो." लोक हसले. पर्लिताही हसली. स्वतःची बायको!

गाउदेन्स्योचं गॅरेज आहे म्हणून तो स्वतःला इंजिनिअर समजतो. निश्चय : क्लचप्लेटा मी घरीच बदलणार. त्याचा हात माझ्या गाडीला लागणार नाही. नव्या प्लेटा आणल्या. काम दोन तासांचं, कॉफी धरून अडीच.

शुक्रवारी सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. सकाळी आठला शहरात न्यायचं आहे, माझ्याच गाडीतून, मोटरसायकलला जोडलेल्या बाजूच्या डब्यात बसवून. चार दिवस हातात आहेत. फारच झाले.

मंगळवार, १० मार्च, सकाळी ९

इंजिनाचं झाकण सैल केलं. आतलं सगळं ऑइल अंगणात. पर्लिताने विचारलं, आधी ऑइल काढून घेतात ना? मी सांगितलं, ही नवी पद्धत आहे.

दुपारी ३

एक स्क्रू हलत नाही. डोकं पार गुळगुळीत झालंय. मागच्या वेळी तो गाउदेन्स्योने आवळला होता. दुसऱ्या कुणाला उघडता येऊ नये म्हणून मुद्दाम. नीच माणूस.

बुधवार, ११ मार्च

छिन्नीने झाकण निघालं. झाकणाखालच्या कागदी गॅस्केटचे चार तुकडे झाले. बिस्किटांच्या खोक्यातून नवं कापलं, मूळच्यापेक्षा देखणं. प्लेटांचा क्रम लिहून ठेवला नाही. गरज नाही, माझी स्मरणशक्ती दांडगी आहे.

शेजारीण डोमिंगा कुंपणावरून दिवसभर बघत होती. हिला घरी काम नाही का?

गुरुवार, १२ मार्च, दुपारी ४

सगळं बसवलं. एक वॉशर आणि पोलादाची एक बारीक गोळी उरली. कंपनी जास्तीचं देत असावी.

किक मारली. पहिल्याच किकला चालू! लिव्हर पूर्ण दाबून गिअर टाकला आणि गाडी लिव्हरला न जुमानता निघाली, ती थेट डोमिंगाच्या डुकरांच्या खुराड्यात. क्लच जरा जास्तच मजबूत बसला आहे, एवढंच. डुकरीण अजून सापडलेली नाही. डोमिंगाने माझ्या वडिलांचा उद्धार केला. त्यांनी कधी क्लचला हातही लावला नव्हता.

पर्लिता म्हणाली, "उद्या आईला काय पाठुंगळी नेणार आहेस?"

मी म्हटलं, माझ्याकडे योजना आहे. ती विचारायच्या आत झोपायला गेलो.

शुक्रवार, १३ मार्च, संध्याकाळी

सातला उठलो. गाडी नाही, पर्लिता नाही, सासूबाई नाहीत. मला वाटलं, हिने गाउदेन्स्योला बोलावलं. त्याला काय काय सुनवायचं ते मनात ठरवतच होतो, तर कुंपणापलीकडून डोमिंगा म्हणाली, पर्लिता पहाटेपासून एकटीच पाने-स्क्रूड्रायव्हर घेऊन बसली होती. दीड तासात उघडून, बसवून, आईला गाडीत घालून गेलीसुद्धा.

भाड्याच्या जीपनीत मागच्या पायरीवर उभा राहून हॉस्पिटलला पोचलो. पर्लिता बाकावर बसली होती, नखं काळी. तेव्हा तिच्याच तोंडून कळलं, लग्नाआधी बापाच्या गॅरेजात सगळे क्लच हीच बसवायची. गाउदेन्स्योला हिनेच शिकवलं.

एकोणीस वर्षं संसार केला आणि मला सांगितलं नाहीस, असं मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

"सोमवारी सांगितलं," ती म्हणाली. "मी बसवते म्हटलं. तू म्हणालास, बायकांनी भात शिजवावा."

हे वहीत लिहायचं राहून गेलं असावं.

ऑपरेशन नीट झालं. परत येताना गाडी पर्लिताने चालवली, मी बाजूच्या डब्यात सासूबाईंशेजारी बसलो. त्यांच्या एका डोळ्यावर पट्टी होती. उरलेल्या डोळ्याने त्या घर येईपर्यंत माझ्याकडेच बघत होत्या.