टाकायच्या आधी दाखव

विजयनगर, म्हैसूर
शुक्रवार, १० ऑक्टोबर २०२५

तीर्थस्वरूप सोयराअक्कांना
धाकट्या जावेचा, कमलिनीचा, साष्टांग नमस्कार.

सवयीनं 'सा. न. वि. वि.' लिहिणार होते, पण म्हटलं, अक्कांना पहिल्याच ओळीत कशाला अडकवायचं? म्हणून सगळं फोडून लिहिते आहे, मोठ्या अक्षरात, एक ओळ सोडून एक. जोडाक्षरं टाळायचं ठरवलं होतं, ते 'अक्का' लिहितानाच मोडलं. अडेल तिथं नातीला, रक्षिताला, विचारा.

आम्ही दोघं बरे आहोत. यांची साखर ताब्यात आहे, जीभ नाही. दसऱ्याची गर्दी ओसरली, रस्त्यावरचे दिवे अजून उतरवायचे चालले आहेत. तुमचे गुडघे कसे आहेत? एच. डी. कोट्याची थंडी त्यांना मानवत नाही असं तुमचा शरत मागे म्हणाला होता. तीळतेल लावत जा, आळस करू नका. बघा, मी तुम्हाला शहाणपण शिकवते आहे.

तुमचं पत्र सोमवारी आलं. पोस्टमननं खालून हाक मारली तेव्हा वाटलं, बँकेचं काहीतरी असेल. दुरेघी वहीचं पान आणि त्यावर पेन्सिलीनं लिहिलेलं: "कमलिनी. मी बरी आहे. रक्षितानं शिकवलं. तुमचं घर बदललं ते कळलं. नवीन घरात मीठ कुठं ठेवतेस? फोन नको. पत्र लिही. मी वाचीन."

मी जिन्यातच बसले. हे वरून विचारत होते, "कुणाचं गं?" वर जाऊन पान त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं. म्हणाले, "वहिनीचं अक्षर! अय्यो, आजवर कधी बघितलंच नव्हतं की मी." मग शिलाईच्या मशीनपाशी जाऊन बसले आणि बराच वेळ नुसती सुई ओवत राहिले.

एकाहत्तराव्या वर्षी, अक्का! मी लगेच रक्षिताला फोन केला; तिची मी चिक्कज्जी, धाकटी आजी. ती म्हणाली, "चिक्कज्जी, शाळेत मला हिंदी आहे ना, तीच अक्षरं अज्जी रोज लिवते. दोन वर्ष झालं. मी झोपले तरी अज्जी झोपत नाय." पोरीचं मराठी दोन मुठींत मावेल एवढं, पण तुम्हाला पुरलं. मला आनंद झाला, आणि त्याच्या पाठोपाठ स्वतःची लाजही वाटली. ती का, ते पुढं सांगते.

आधी घराचं. अग्रहारातलं आपलं जुनं घर मालकानं पाडायला काढलं, ते तुम्हाला कळलंच असेल. मे महिन्यात इथं आलो. वरच्या मजल्यावर एक खोली आणि एक स्वयंपाकघर. स्वयंपाकघर म्हणजे मधोमध उभं राहून हात पसरले की दोन्ही भिंतींना बोटं लागतात. यांचं मशीन दाराआड आहे. इस्त्रीचं टेबल हेच जेवायचं टेबल. खाटेखाली ट्रंका, ट्रंकेत गोधड्या, गोधड्यांत पितळेची भांडी. तुमची विद्या आहे सगळी: पोकळ जागा दिसली की भरायची आणि भरलेली वस्तू दोन कामांना लावायची.

काल बस्सारू केलं होतं. डाळ आणि दंटीनची, म्हणजे आमच्या मिरजेकडच्या माठाची, पालेभाजी एकत्र शिजवली, पाणी गाळून त्याचं सारू, खाली राहिलं त्याची पल्या, कोरडी भाजी. एका चुलीवर एकदाच शिजवून दोन पदार्थ. माझ्या लग्नानंतर चौथ्या दिवशी तुम्ही हे केलंत, तेव्हा मी मिरजेची पोरगी नाक मुरडून म्हणाले होते, "भाजीचं पाणी का खायचं?" तुम्ही नुसती वाटी पुढं सरकवलीत. मी तीन वाट्या प्याले आणि रात्री यांना म्हटलं, तुमची वहिनी जादूगार आहे. घरात अकरा माणसं, दोन मशीनं, आणि तुमच्या हातून कधी मूठभर धान्य वाया गेलं नाही. दोडक्याच्या शिरांची चटणी, कलिंगडाच्या पांढऱ्या गराचे डोसे, आदल्या दिवशीच्या भातात कांदा आणि तांदळाचं पीठ घालून थापलेल्या रोट्या. शरतचे वडील, शंभूभावजी, म्हणायचे, "आपल्या घरची गाय पण उपाशी हाय, सोयरा तिच्यासाठी साल सुद्धा ठेवत नाय."

आणि तुमचा तो कायदा. काहीही फेकायचं झालं, फुटकी बरणी असो की बाहीचा तुकडा, तर, "टाकायच्या आधी मला दाखव, गोत्ताय्ता?" पहिले दोन महिने मला 'गोत्ताय्ता' म्हणजे 'कळलं का' हेच कळलं नव्हतं. पण दाखवायची सवय लागली. मी दाखवायची, तुम्ही हातात घेऊन फिरवायचात, आणि दहातल्या नऊ वस्तू परत घरात यायच्या.

स्वयंपाकघरातल्या पिशव्याही तशाच झाल्या होत्या. आपल्या शिलाईच्या दुकानातल्या कातरणाच्या. तूरडाळ शाळेच्या चड्ड्यांच्या खाकीत, साखर ब्लाउजपीसच्या गुलाबीत, हुरळी, म्हणजे कुळीथ, तपकिरी चौकड्यात, नाचणी पिनाफोरच्या लालमध्ये, मीठ अस्तराच्या पांढऱ्यात. आणि उपासाची वरी पिवळ्या पिशवीत. विठोबाचं पीतांबर शिवून उरलेल्या कापडाची ती पिशवी, तिला धान्याचा हात लावायचा नाही. भिंतीला खुंट्या आणि खुंटीला पिशव्या. डोळे मिटून स्वयंपाक करता यावा असं घर होतं ते.

मीठ कुठं ठेवते ते सांगायचं राहिलंच. सांगते. त्याआधी एक सांगायचं आहे, आणि इथून पुढं अडलं तर रक्षिताला विचारू नका. तिथंच थांबा, दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचा. हे तुम्ही स्वतः वाचायला हवं.

नऊ वर्षांपूर्वी मी ते चाळीस डबे आणले. एकसारखे, पांढरे, चौकोनी. माझ्या मैत्रिणीच्या, अंबुजाच्या, नव्या फ्लॅटमध्ये तसे पाहिले होते. ती आपल्या घरी आली तेव्हा खुंट्यांकडे बघून म्हणाली होती, "हे काय, शिंप्याचं दुकान की स्वयंपाकघर?" मला लागलं ते. मी मार्केटातून डबे आणले, प्रत्येकावर पट्टी चिकटवून झोकात नावं लिहिली, आणि तुम्ही देवळात गेला होतात त्या दोन तासांत सगळ्या पिशव्या उतरवून कचऱ्यात टाकल्या. तुम्हाला न दाखवता.

तुम्ही आलात, दारात उभ्या राहिलात, म्हणालात, "छान दिसतंय गं." एवढंच.

त्यानंतर आली कार्तिकी एकादशी. भजनी मंडळाची पंचवीस माणसं फराळाला. बाहेर टाळ चाललेले, मी पानं मांडत होते. तुम्ही आतून विचारलंत, "कमलिनी, वरीचा डबा कुठला गं?"

आणि मी म्हटलं, "लिहिलंय त्यावर."

पिशवी असती तर तुम्ही हात घातला असतात, आणि तुमच्या हाताला कळलं असतं. डब्यात हात घालावा लागत नाही, तो सरळ उपडा होतो. ज्या जागी पूर्वी पिवळी पिशवी असायची तिथला डबा तुम्ही उचललात आणि आधणात ओतलात. नैवेद्याच्या आधी चव बघायची नाही, म्हणून चवही बघितली नाहीत. देवाला दाखवलं, पानांवर वाढलं, आणि भजनाला पुढं बसणाऱ्या दत्तोजीरावांनी दुसरा घास हातात धरून म्हटलं, "सोयराबाई, हे वरी नव्हे. हा इडलीचा रवा हाय. तांदूळ हाय हा."

एकादशीला तांदूळ. पंचवीस माणसांच्या पोटात, आणि देवाच्या पुढ्यातही. बायका पानावरून उठल्या ते मला अजून दिसतं. तुम्ही म्हणालात, "चष्मा नव्हता लावला." चष्मा तुमच्या डोळ्यांवरच होता, अक्का. सगळ्यांना दिसत होता. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "वय झालं आता." आणि शरतनं ते ऐकलं.

मी तेव्हा म्हणू शकत होते, डबा मी काढून द्यायला हवा होता, चूक माझी. एवढ्या एका वाक्यानं सगळं मिटलं असतं. हातात पाण्याचा तांब्या घेऊन मी गप्प उभी राहिले. महिन्याभरात शरत तुम्हाला घेऊन गेला. "आईला आता स्वयंपाक झेपत नाय, काकू," असं तो मला सांगत होता आणि मी मान हलवत होते. यांना मी इतकंच सांगितलं की आईनं लेकाकडं राहिलेलं बरं.

आता जे नऊ वर्षं तुम्हाला सांगितलं नाही ते. तुम्हाला वाटत असेल की कमलिनीला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. भजनाला तुम्ही वही उघडून बसायचात, गायचात एक आणि पान असायचं दुसरंच, आणि दत्तोजीरावांनी पान उलटलं की तुम्ही उलटायचात. त्यानंतर मी मुद्दाम तुमच्या शेजारी बसायला लागले आणि तुमचं पान हळूच नीट लावून द्यायला लागले. तुम्ही कधी बोलला नाहीत, मीही बोलले नाही. बत्तीस वर्षं आपण दोघींनी ते झाकून ठेवलं. आणि तेच ठाऊक असताना मी चाळीस डब्यांवर नावं लिहिली.

का, असं विचाराल. मी स्वतःला फार वेळा विचारलं आहे. त्या घरात सगळे तुम्हाला विचारायचे. जिरं कुठंय, बटणं कुठं आहेत, पाहुण्याला काय करायचं. मीसुद्धा तुम्हालाच विचारायची, पन्नाशी उलटली तरी. मला वाटायचं, एकदा तरी तुम्ही मला विचारावं, की कमलिनी, अमुक कुठंय? एवढीच हाव. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मी काय उत्तर दिलं ते वर लिहिलंच आहे. माझं चुकलं, अक्का. फार चुकलं. मला त्याची लाज वाटते. दिवाळीला फोनवर 'कशा आहात, बरी आहे' झालं की ती गोष्ट न काढताच मी फोन ठेवून द्यायची.

मे महिन्यात इथं सामान लावायला घेतलं तर ते चौकोनी डबे कुठं बसेनात. एकच फळी, तीही अरुंद. दोन दिवस मी डब्यांशी भांडत होते. हे मशीनवरून म्हणाले, "सुम्ने, उगा कशाला झगडतेस? वहिनीसारख्या खुंट्या मार की." मी म्हटलं, पिशव्या कुठं आहेत आता? तर यांनी मशीनचा खण उघडला आणि आतून पिवळी पिशवी काढली. बॉबिनी ठेवल्या होत्या तिच्यात. मी टाकलेल्या ढिगातून त्यांनी त्याच दिवशी उचलून ठेवली होती. "टाकायच्या आधी वहिनीला दाखवली नव्हतीस तू," म्हणाले. नऊ वर्षं त्या माणसानं तोंडातून अक्षर काढलं नाही. आता मी तुम्हाला सांगितलं तेच सगळं त्या दिवशी त्यांना सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला नको सांगू. तिला सांग." ते मला जमत नव्हतं. मग सोमवारी तुमचं पत्र आलं.

बाकीच्या पिशव्या मी पुन्हा शिवल्या. खाकी मिळाली, गुलाबी मिळाली, तपकिरी चौकडा मिळायला तीन दुकानं फिरले. मीठ अस्तराच्या पांढऱ्या पिशवीत आहे, चुलीच्या उजव्या हाताला, पहिल्या खुंटीवर. तुम्ही ठेवायचात तिथंच. हे तुमच्या प्रश्नाचं उत्तर.

पिवळी पिशवी धुऊन, वाळवून, शेवटच्या खुंटीला टांगली आहे. रिकामी आहे. कार्तिकी एकादशीला तीन आठवडे आहेत. वरी मी आणलेली नाही. भजनी मंडळाला या वर्षी आमच्याकडे फराळाला बोलावलं आहे, जिन्यात बसतील, गच्चीवर बसतील. दत्तोजीराव आता नव्वदीला आलेत, पण येतो म्हणालेत. त्या दिवशी डबा कुणामुळं चुकला ते सगळ्यांसमोर मी सांगणार आहे. तुमच्या वाचण्याबद्दल एक अक्षर बोलणार नाही, ते तुमचं आहे. एवढंच सांगेन की तुम्ही विचारलंत आणि मी आत येऊन डबा काढून दिला नाही.

एकादशीच्या आधी शरतला सांगून सकाळची बस धरा. उत्तर लिहायला बसू नका, लिहायचंच असेल तर इथं येऊन लिहा. खाट तुम्हाला, आम्ही दोघं खाली. खोली लहान आहे, पण तुम्ही आलात की कुठं काय ठेवायचं ते तुम्हीच सांगाल.

आणि ते चाळीस डबे जिन्याखाली रचून ठेवले आहेत. भंगारवाला दोनदा विचारून गेला, मी त्याला परत पाठवलं. मला ते टाकायचे आहेत, अक्का. पण टाकायच्या आधी तुम्हाला दाखवायचे आहेत.

तुमची धाकटी जाऊ,
कमलिनी