पंखा एकवर

३ एप्रिल
मापांच्या वहीची मागची पानं कोरी आहेत, तिथे लिहिते. शाळेच्या बाई निळ्या जॉर्जेटचा तागा टाकून गेल्या. मुलींच्या गाण्याच्या कार्यक्रमासाठी तीस फ्रॉक. आधी एक नमुना, अकरा तारखेला. पसंत पडला तर शाळेचे वर्षभराचे युनिफॉर्मही माझ्याकडेच. पसंत पडणारच.
अडचण एकच, पंखा. रेग्युलेटर एकवर ठेवा नाहीतर चारवर, पठ्ठ्या पाचनेच फिरतो. लावला की जॉर्जेट उडतं. बंद केला की माझा घाम त्याच्यावर टपकतो.

४ एप्रिल, सकाळी
वायरमन आला. रेग्युलेटर गेलाय म्हणे, अर्ध्या तासाचं काम. हे बोलताना स्वारी चपलांसकट माझ्या कापडावर उभी. पिशवीसकट बाहेर काढला. रागावले नाही, नुसतं सांगितलं. खालच्या मजल्यावरचे काका काय झालं म्हणून विचारायला वर आले. लोकांना उद्योग नाहीत.
अर्ध्या तासाचं काम काय, मी दहा मिनिटांत करते. शिलाई मशीन उघडून जोडणारी बाई मी.

५ एप्रिल
नवा रेग्युलेटर आणला. मेन स्विच बंद केला, मी काही खुळी नाही. आत सून कॉम्प्युटरवर साहेबांशी बोलत होती, ती किंचाळली. साहेब काय पळून जातोय?
रेग्युलेटरच्या डब्यात चित्रांचा कागद होता. आई, वाचून दाखवू का, म्हणाली सून. म्हटलं, चौथीत शाळा सुटली माझी, तेव्हापासून न वाचताच चाललंय. मागे भोकं दोन, वायरी दोन. एका भोकात एकच वायर लुळी वाटत होती. दोन्ही एकत्र पिळल्या, एकाच भोकात कोंबल्या. दोरा दुहेरी घेतला की टाका उसवत नाही.
पंखा पाचनेच फिरतो. हल्ली नवा मालसुद्धा भंगार.

६ एप्रिल
दुकानदाराशी भांडून रेग्युलेटर बदलून आणला. तसाच घट्ट बसवला. पाच.
सून दारात उभी राहून म्हणाली, आई, दोन वायरी, दोन भोकं... म्हटलं, तू तुझ्या साहेबाचं बघ.
आता कळलं. रेग्युलेटरमध्ये दोष नाहीच. पंख्यालाच माज आलाय.

८ एप्रिल
पात्यांना खोळी शिवल्या. जाड कॅनव्हासच्या, दुहेरी शिवणीच्या. अंगावर वजन चढलं की कुणीही हळू चालतं, आमच्या ह्यांच्याकडे बघा.
चाललं! पंखा हळू फिरतोय. जरा डुलतो, पण हळू. हे म्हणाले, डोक्यावर पडेल. म्हटलं, तुम्ही खाली बसू नका.

९ एप्रिल, दुपारी
एक खोळ सुटली, थेट ह्यांच्या ताटात. माणूस उठून गेला. शिवण पक्कीच होती, कापड वाईट.
बाकी दोन्ही काढल्या. आता थांबायला वेळ नाही. पाचवरच नमुना कापला. कापडावर एका बाजूला जुनी कात्री, दुसऱ्या बाजूला इस्त्री, मधे माझं कोपर. तीस वर्षांचा हात आहे, हवेला घाबरत नाही.
एक बाही मोठी दिसते, म्हणाली सून. दिसणारच, चष्म्याचा नंबर वाढलाय तिचा.

११ एप्रिल
बाई आल्या. फ्रॉक दोन्ही हातांनी उंच धरला. एक बाही चार बोटं लांब. धुतल्यावर सारखी होईल, म्हटलं मी. कळवते, म्हणाल्या. जाताना तागा उचलला. राहू द्या की इथेच, म्हटलं. असू दे, म्हणाल्या, आणि जिना उतरल्या. कळवतील.

१५ एप्रिल
समोरच्या टेलरच्या दारात निळे फ्रॉक टांगलेत. मोजले. तीस.
ह्यांनी मला न विचारता त्या वायरमनला बोलावलं. या वेळी चपला दाराबाहेर काढल्या त्याने, अगदी नीट जोडून. बोर्ड उघडला, कोंबलेल्या दोन वायरींतली एक ओढली, शेजारच्या भोकात घातली. झालं. रेग्युलेटर मीच आणलेला, मीच बसवलेला, त्याने नुसती वायर हलवली.
सून तिथेच उभी होती. बोलली असती तर मी उत्तर दिलं असतं.
पंखा एकवर छान फिरतोय. कापायच्या टेबलावर ही वही उघडी ठेवलीय, पानसुद्धा हलत नाही. टेबलावर दुसरं काही नाही.