ओव्यावरच्या कोंबड्या

फुलंब्री, सोमवार

ती. अप्पादादा यांना धाकट्या दीपमालाचा नमस्कार. गुडघा कसा आहे? वहिनींना विचारलंय म्हणून सांगा. आम्ही सगळे खुशाल, पाचशेतल्या अकरा कोंबड्या सोडून. (फोनवर तुम्हीच बोलता आणि तुम्हीच ठेवता, म्हणून पत्र.)

तुमच्या लासूरच्या औषधाच्या दुकानातून आम्हाला अँटिबायोटिकच्या पांढऱ्या पुड्या यायच्या. पिल्लू आजारी असो-नसो, पहिल्या दिवसापासून पाण्यात कालवायचो. गेल्या जूनमध्ये सासूबाईंना लघवीचं इन्फेक्शन झालं. दोन अँटिबायोटिकं फुकट गेली, तिसरं लागू पडलं. डॉक्टर म्हणाले, औषध विनाकारण देत राहिलं, माणसाला काय नि जनावराला काय, की जंतू निर्ढावतात. आमच्या म्हातारीला कशामुळं झालं ते कुणीच सांगू शकत नाही. पण दवाखान्यात तिचा तापलेला हात धरून बसले होते, तेव्हाच ठरवलं: आजार नसताना पुडी बंद.

जुलैत नवी पिल्लं आली. जनावरांच्या डॉक्टर श्रेया मॅडमनी ओवा, लसूण, हळद आणि शेवग्याच्या पाल्याचं प्रमाण लिहून दिलं. दळायला कडूबाच्या गिरणीत गेले. त्यानं आधी मिरची दळलेली, गिरणी पुसलेली नाही. अख्खी रांग शिंकत रस्त्यावर आली. कोंबड्यांनी मात्र खाद्य मिटक्या मारत संपवलं. (कोंबडीला मिरचीचा तिखटपणा कळत नाही म्हणे. ह्यांना कळला. दोन दिवस शिंकत माझा उद्धार केला.)

अंडी सुरू झाल्यावर मला वाटलं, लसूण दुप्पट घातला तर गुणही दुप्पट येईल. चार दिवसांनी शेजारची मोनिका आमच्याच अंड्यांचा, पोराच्या वाढदिवसाचा केक घेऊन दारात उभी. "ताई, वास घ्या. ह्यावर मेणबत्ती लावू, का ह्याच्याशी भाकरी खाऊ?" तेव्हापासून मी तराजूशिवाय चिमूटसुद्धा टाकत नाही.

मग जानेवारीच्या थंडीत कोंबड्या पंख पाडून बसल्या, विष्ठा पातळ झाली. हे ओरडले, "बस झालं तुझं! लाव अप्पादादांना फोन, मागव पुडी!" मी शेडच्या दारात आडवी उभी राहिले. "मॅडम बघंपर्यंत एक पुडी आत जाणार नाय." मॅडमनी शेडमध्ये खाली अंथरलेलं भाताचं तूस उकरलं. ओलंचिंब! पाण्याची नळी कधीची गळत होती. म्हणाल्या, "ताई, ओवा काय नळी दुरुस्त करत नाय." खरोखर आजारी होत्या त्या वीस वेगळ्या काढल्या, त्यांना मॅडमच्या चिठ्ठीनं औषध दिलं आणि सांगितले तितके दिवस त्यांची अंडी पुरून टाकली. (आजाऱ्याला औषध द्यायचंच, मी काय येडी नाय.) नळी बदलली. सगळं तूस आम्ही दोघांनी दिवसभरात उपसलं; संध्याकाळी ह्यांना वाकता येईना आणि मला सरळ होता येईना. अकरा मेल्या, त्याचं वाईट वाटतं. पण पुड्यांच्या मागच्या खेपेला सव्वीस गेल्या होत्या, हे ह्यांनीच बोटं मोजून सांगितलं. आता लई गोंधळ घालतात, म्हणजे बऱ्या आहेत.

वहिनींना नमस्कार.

तुमची,
दीपमाला

ता. क. आसपासच्या अकरा बायका माझ्याकडून मिश्रण नेतात. बाजाराच्या दिवशी लासूरला विकायला बसायचं म्हणते. तुमच्या दुकानाचा ओटा द्या.

आणखी एक. नाही दिलात तरी चालेल. समोरच्या लिंबाखाली बसेन. गिऱ्हाईकानं विचारलं, "बाई, तुम्ही कोण?" तर खोटं बोलणार नाही. सांगेन, समोरच्या औषधवाल्याची सख्खी बहीण.